विंगर राहिला, क्लब गेले

2010 मध्ये देशातल्या तेव्हाच्या सर्वोच्च फुटबॉल लीगचा, आय-लीगचा, हंगाम संपत आला असताना महिंद्रा युनायटेड हा मुंबईचा फुटबॉल संघ बंद करण्याचा निर्णय कंपनीने जाहीर केला. 1962 पासून चालत आलेला हा संघ. राष्ट्रीय लीग, फेडरेशन कप, ड्युरँड कप, आयएफए शील्ड असे देशातले मानाचे चषक त्याने मुंबईत आणले होते. आता व्यावसायिक संघ चालवायचा नाही, शाळांमधल्या फुटबॉलकडे लक्ष द्यायचं, असं कंपनीचं म्हणणं होतं. हेतू चांगलाच होता. पण शाळेत फुटबॉल शिकलेल्या मुलाने मोठं झाल्यावर ज्या संघात जायचं, तोच संघ त्या दिवशी मुंबईच्या नकाशावरून पुसला गेला.

त्या संघात स्टीव्हन डायस होता. जन्म 25 डिसेंबर 1983चा, म्हणजे वय 26. भारतीय संघाचा उजव्या कडेचा विंगर, आणि ऐन भरात. पुढच्या सात वर्षांत तो गोव्यात खेळला, शिलाँगमध्ये खेळला, दिल्लीत, पुण्यात आणि शेवटी पुन्हा मुंबईत खेळला. चर्चिल ब्रदर्स, रांगदाजिएद युनायटेड, दिल्ली डायनामोज, भारत एफसी, मुंबई एफसी. महिंद्रा धरून सहा संघ.

नुसती ही नावं वाचली तर वाटेल, हा खेळाडू कुठे टिकला नाही. पण या प्रत्येक संघाचं पुढे काय झालं ते पाहिलं की चित्र उलटं होतं. महिंद्रा बंद झाला. चर्चिल आणि रांगदाजिएद यांना 2014 मध्ये परवान्याच्या अटी पूर्ण न झाल्याने आय-लीगबाहेर जावं लागलं. भारत एफसी एकच हंगाम खेळून संपला. मुंबई एफसीने 2017 मध्ये दार लावलं. दिल्ली डायनामोज 2019 मध्ये दिल्ली सोडून भुवनेश्वरला गेला आणि ओडिशा एफसी झाला. डायस धावत होता तिथेच धावत होता, उजव्या रेषेला धरून. त्याच्या पायाखालची मैदानं सरकत गेली.

बोईसर-तारापूरच्या माणसाला ही गोष्ट फुटबॉल न पाहताही समजेल. एमआयडीसीत एका कंपनीला टाळं लागलं की वीस वर्षांचा फिटर दुसऱ्या गेटवर नव्याने उभा राहतो. हातातलं कसब तेच असतं, पण कार्ड नवं, ठेकेदार नवा, आणि नोकरी कायम नसते. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत भारतीय फुटबॉलपटूचं आयुष्य याच वाटेने गेलं. डायसची कारकीर्द त्या बदलाच्या बरोबर मध्यावर उभी आहे. म्हणून ती नीट पाहायला हवी.

नोकरी देणारा फुटबॉल

मुंबईच्या फुटबॉलचा इतिहास जुना आहे. रोव्हर्स कप 1891 मध्ये सुरू झाला. आधी तो गोऱ्या पलटणींचा होता. 1937 मध्ये बंगळूर मुस्लिम्स या संघाने तो जिंकला, 1940 मध्ये कोलकात्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगने. 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षं हैदराबाद सिटी पोलिसांनी तो नेला. कूपरेज मैदानाच्या लाकडी बाकांवर बसून मुंबईने देशभरचे खेळाडू पाहिले.

मुंबईचे स्वतःचे संघ मात्र कंपन्यांचे, बँकांचे, रेल्वेचे होते. टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल, ऑर्के मिल्स, आरसीएफ, बँक ऑफ इंडिया, सेंट्रल बँक, पश्चिम रेल्वे, मध्य रेल्वे, बेस्ट, एअर इंडिया. खेळाडूला पगार फुटबॉलचा नव्हता, नोकरीचा होता. सकाळी सराव, मग हजेरी, हंगामात सवलत, आणि गुडघा गेला तरी टेबल-खुर्ची शाबूत. या व्यवस्थेत मोठा पैसा नव्हता. पण आईवडिलांना सांगता येईल असं एक उत्तर होतं. पोरगं फुटबॉल खेळतं, म्हणजे पुढे बँकेत किंवा रेल्वेत चिकटेल.

या व्यवस्थेचं सर्वांत मोठं उदाहरण मुंबईतलं नसून कोलकात्यातलं आहे, आणि तेही एका विंगरचंच. प्रदीपकुमार बॅनर्जी. पी. के. म्हणून देश त्यांना ओळखतो. 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारताचे कर्णधार, फ्रान्सशी 1-1 बरोबरीत गोल त्यांचा. 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला 2-1 हरवलं, त्यातला एक गोल त्यांचा. असा खेळाडू मोहन बागान किंवा ईस्ट बंगालकडून कधीच खेळला नाही. सुरुवातीला थोडा काळ आर्यन क्लब, आणि मग निवृत्तीपर्यंत ईस्टर्न रेल्वे. 1958 मध्ये त्यांनी याच रेल्वेच्या संघाला कोलकाता लीग जिंकून दिली. कोलकात्यातल्या तीन बड्या संघांच्या मक्तेदारीत रेल्वेने ती जिंकणं हा चमत्कार मानला गेला.

पी. के. उजव्या कडेचे विंगर. डायसही उजव्या कडेचा विंगर. दोघांत अर्ध्या शतकाहून थोडा कमी काळ. एकाला रेल्वेने आयुष्यभर ठेवून घेतलं, दुसऱ्याला सात वर्षांत पाच पत्ते बदलावे लागले. यात दोघांच्या स्वभावाचा भाग फार थोडा. फुटबॉल चालवणारे हात बदलले, हा भाग मोठा.

हा बदल 1996 पासून दिसू लागला. त्या वर्षी राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली आणि पहिलं विजेतेपद फगवाड्याच्या जेसीटीने मिळवलं. आता संघाने देशभर फिरायचं, परदेशी खेळाडू आणायचे, पूर्णवेळ व्यावसायिक व्हायचं, अशी अपेक्षा आली. कार्यालयीन संघांना हे जड जाऊ लागलं. मुंबईत एका कंपनीने ते मनावर घेतलं. महिंद्राने 2000 च्या सुमारास आपल्या संघाचं नाव बदलून महिंद्रा युनायटेड केलं आणि देशातल्या उत्तम खेळाडूंना बोलावलं.

रेषेवरचं कसब

विंगरचं काम पाहायला सोपं आणि करायला अवघड. मैदानाच्या कडेची पांढरी रेषा एका बाजूला, समोर फुलबॅक. मधल्या खेळाडूला चारी दिशा मोकळ्या असतात, विंगरला निम्म्याच. तेवढ्या जागेत चेंडू घेऊन पुढे जायचं, फुलबॅकला चुकवायचं किंवा चुकवायच्या आधीच चेंडू उचलायचा, आणि गोलसमोर धावत येणाऱ्या स्ट्रायकरच्या डोक्यावर किंवा पायावर तो नेमका टाकायचा. यालाच क्रॉस म्हणतात. तो एक हात मागे पडला तर गोलरक्षकाचा, एक हात पुढे गेला तर वाया. आपल्याकडची जुनी माणसं विंगरला राइट आउट, लेफ्ट आउट म्हणत. पाच फॉरवर्डच्या जुन्या रचनेत ही दोन टोकं. पुढे रचना बदलल्या, तसं विंगरला परत मागे येऊन बचावही करावा लागू लागला. एका सामन्यात सर्वांत जास्त धाव घेणाऱ्यांत तो आला, आणि गोलच्या खाली नाव मात्र दुसऱ्याचं.

डायसचं वैशिष्ट्य हा क्रॉसच होता. वेगापेक्षा नेमकेपणावर त्याचा भर. फुलबॅकला पूर्ण मागे टाकण्याची वाट न पाहता, थोडी फट दिसताच तो चेंडू आत वळवून टाकायचा. कॉर्नर आणि फ्री-किकही त्याच्याकडे असत, कारण थांबलेल्या चेंडूलाही तोच नेमकेपणा लागतो.

महिंद्रा युनायटेडच्या 2005-06 च्या हंगामात प्रशिक्षक डेरिक परेरा यांच्या हाताखाली संघाने राष्ट्रीय लीग जिंकली. कोलकाता, गोवा आणि पंजाब यांच्याबाहेर हा मान पहिल्यांदाच गेला, आणि तो मुंबईकडे आला. पुढच्या वर्षी आशियाई संघटनेच्या एएफसी कपमध्ये महिंद्राने उपान्त्यपूर्व फेरी गाठली. 2008 मध्ये ड्युरँड कप आणि आयएफए शील्ड, दोन्ही मिळाले. या संघात मधल्या फळीत एन. पी. प्रदीप होता, पुढे घानाचा युसिफ याकुबू खेळून गेला होता, आणि मधल्या फळीतला आणखी एक खेळाडू म्हणजे खालिद जमील. हे नाव या गोष्टीत पुढे पुन्हा येणार आहे.

एवढं सगळं मिळवणारा संघ दोन वर्षांत बंद होईल, असं 2008 मध्ये कुणी म्हटलं असतं तर पटलं नसतं. पण प्रेक्षक थोडे, दूरचित्रवाणीचं उत्पन्न जवळपास नाही, आणि खर्च मात्र पूर्ण व्यावसायिक संघाचा. कंपनीच्या ताळेबंदात संघ हा खर्चाच्या बाजूलाच राहिला. विजेतेपदांनी ती बाजू बदलली नाही.

दिल्ली ते दोहा

क्लबच्या पडझडीआधी भारतीय संघाची काही चांगली वर्षं आली. 2006 मध्ये इंग्लंडचे बॉब हॉटन प्रशिक्षक म्हणून आले. त्यांची पद्धत सरळ होती. बचाव घट्ट ठेवायचा, कडेने पुढे जायचं, क्रॉस टाकायचा. अशा पद्धतीत विंगरला मानाचं पान. डायस हॉटन यांच्या संघाचा नियमित खेळाडू झाला.

2007 च्या ऑगस्टमध्ये दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर नेहरू कपच्या अंतिम सामन्यात भारताने सीरियाला 1-0 हरवलं. गोल एन. पी. प्रदीपचा, म्हणजे महिंद्राच्याच खेळाडूचा. 1982 पासून चाललेली ही स्पर्धा भारताने पहिल्यांदाच जिंकली. दोन वर्षांनी त्याच मैदानावर, त्याच सीरियाला, पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून ती राखली. मधल्या वर्षी, 13 ऑगस्ट 2008 ला, एएफसी चॅलेंज कपच्या अंतिम सामन्यात ताजिकिस्तानला 4-1 ने नमवलं. सुनील छेत्रीचे तीन आणि बायचुंग भुतियाचा एक गोल. या विजयाने भारताला 2011 च्या आशियाई कपची दारं उघडली. 1984 नंतर 27 वर्षांनी.

जानेवारी 2011 मध्ये दोहामध्ये भारत खेळायला उतरला. ऑस्ट्रेलियाकडून 0-4, बहारीनकडून 2-5, दक्षिण कोरियाकडून 1-4. निकाल कठोर होते. संघाच्या यादीत स्टीव्हन डायसच्या नावापुढे क्लब म्हणून चर्चिल ब्रदर्स लिहिलेलं होतं. आशियातल्या सर्वांत मोठ्या स्पर्धेत मुंबईचा विंगर होता, पण त्याच्या नावापुढे मुंबईचा संघ नव्हता.

दोहाच्या महिनाभर आधी, डिसेंबर 2010 मध्ये, अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आयएमजी-रिलायन्सशी 15 वर्षांचा, 700 कोटी रुपयांचा करार केला होता. भारतीय फुटबॉलच्या पुढच्या दीड दशकाची दिशा त्या कागदावर ठरली. जुन्या क्लबांना त्यात आपली जागा कुठे, हे समजेना. 2011 मध्ये जेसीटी बंद झाला, म्हणजे पहिला राष्ट्रीय विजेताही गेला. 2013 मध्ये एअर इंडिया आणि ओएनजीसी या मुंबईच्या दोन कार्यालयीन संघांना परवान्याच्या अटींमुळे आय-लीगमधून बाहेर काढलं गेलं. नोकरी देणाऱ्या फुटबॉलचा मुंबईतला शेवटचा मोठा आधार त्या दिवशी सुटला.

गोव्यात चर्चिलने 2012-13 ची आय-लीग जिंकली. वर्षभराने तोच विजेता संघ परवान्याअभावी बाहेर. 2016 मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग गोवा हे तिघे स्वतःहून लीगमधून निघून गेले. मराठी खेळाडूला मुंबई सुटली तर गोवा, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा रस्ता होता. तोही अरुंद झाला.

एका वर्षात दोन जर्स्या

12 ऑक्टोबर 2014 ला कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर इंडियन सुपर लीग सुरू झाली. पहिल्याच सामन्यात अ‍ॅटलेटिको डी कोलकाताने मुंबई सिटीला 3-0 हरवलं. डायस दिल्ली डायनामोजमध्ये होता. त्याच संघात इटलीचा विश्वविजेता अलेस्सांद्रो देल पिएरो. पैसा आला, दिवे आले, टीव्हीवर रोज संध्याकाळी फुटबॉल आला. ज्या खेळाडूंनी रिकाम्या बाकांसमोर वर्षं काढली होती, त्यांना पहिल्यांदाच भरलेली मैदानं मिळाली. हे ऋण मान्य करायलाच हवं.

पण ही लीग तेव्हा दोन-अडीच महिन्यांचीच होती. ऑक्टोबर ते डिसेंबर सुपर लीग, जानेवारीपासून आय-लीग. म्हणून खेळाडू एका वर्षात दोन क्लब, दोन करार, दोन शहरं असं जगू लागले. डायसने दिल्लीचा हंगाम संपवला आणि 2015 मध्ये पुण्याच्या भारत एफसीकडे आला. कल्याणी समूहाचा हा नवा संघ बालेवाडीत खेळायचा. पहिल्या हंगामात तो तळाला राहिला, आणि दुसरा हंगाम आलाच नाही.

पुण्याची ही वर्षं महाराष्ट्राच्या फुटबॉलमध्ये सर्वांत दुःखद म्हणावी लागतील. 2007 मध्ये अशोक पिरामल समूहाने पुणे एफसी स्थापन केला होता. 2012-13 मध्ये तो आय-लीगमध्ये उपविजेता ठरला. त्याची अकादमी देशातल्या उत्तम अकादम्यांपैकी एक होती. 2015 मध्ये तो बंद झाला. भारत एफसी त्याच वर्षी. डीएसके शिवाजीअन्स 2017 मध्ये थांबला. सुपर लीगमधला एफसी पुणे सिटी 2019 मध्ये संपला आणि त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली. चार वर्षांत चार क्लब. प्रत्येकाची कारणं वेगळी होती, मालक वेगळे होते, पण रस्त्यावर आलेला खेळाडू, प्रशिक्षक आणि अकादमीतला चौदा वर्षांचा मुलगा एकाच ठिकाणी उभा राहिला.

डायस शेवटी मुंबई एफसीकडे आला. हा क्लब 2007 मध्ये स्थापन झाला, 2008 मध्ये दुसरी श्रेणी जिंकून वर आला, आणि नऊ वर्षं कमी पैशात टिकून राहिला. 2009 पासून त्याचा प्रशिक्षक होता खालिद जमील, महिंद्राचा जुना खेळाडू. 2016 मध्ये खालिद मुंबई सोडून मिझोरमच्या ऐझॉलला गेला. 2016-17 च्या त्या एकाच हंगामात दोन गोष्टी घडल्या. मुंबई एफसी आय-लीगच्या तळाला गेला आणि बंद झाला. खालिदच्या ऐझॉलने 30 एप्रिल 2017 ला शिलाँग लाजाँगशी बरोबरी साधून आय-लीग जिंकली. मुंबईच्या मैदानांवर घडलेली समज मिझोरमला विजेतेपद देऊन गेली. मुंबईला मात्र ती ठेवता आली नाही.

आपल्या राज्यातली दोन मुलं

आता पालघरकडे येऊ. चर्चगेटपासून विरार 60 किलोमीटर, पालघर 91, बोईसर 103, डहाणू रोड 124. कूपरेज चर्चगेटपासून चालत जाण्याच्या अंतरावर. 2013 च्या एप्रिलमध्ये उपनगरी गाडी डहाणूपर्यंत आली. त्याआधी बोईसरच्या मुलाला शटल किंवा मेमू धरून विरारला उतरावं लागे आणि मग लोकल. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर हा राज्याचा 36 वा जिल्हा झाला, आणि अडीच महिन्यांनी सुपर लीग सुरू झाली. जिल्हा आणि लीग एका वर्षाची.

याच मार्गावरून एक मुलगा क्रिकेटचं किट घेऊन रोज गेला, हे सगळ्यांना माहीत आहे. पालघरजवळच्या माहीमचा शार्दुल ठाकूर. त्याची संघबदलांची यादी डायसपेक्षाही लांब आहे. आयपीएलमध्ये पंजाब, रायझिंग पुणे सुपरजायंट, चेन्नई, दिल्ली, कोलकाता, पुन्हा चेन्नई, लखनौ. त्यातला पुण्याचा संघ तर दोनच हंगाम जगला. मग फरक कुठे पडला?

फरक रणजी संघात आहे. आयपीएलचे संघ बदलत राहिले, पण मुंबईचा रणजी संघ तिथेच होता. 2018 च्या ऑक्टोबरमध्ये हैदराबादच्या कसोटी पदार्पणात दहा चेंडू टाकून तो जखमी झाला, तरी परत येण्यासाठी मुंबईचा संघ होता. जानेवारी 2021 मध्ये ब्रिस्बेनच्या गॅबावर त्याने 67 धावा केल्या, सामन्यात सात बळी घेतले, आणि भारताने मालिका जिंकली. 2024 मध्ये तमिळनाडूविरुद्ध रणजी उपान्त्य सामन्यात शतक ठोकलं, विदर्भाविरुद्ध अंतिम सामन्यात 75 धावा केल्या, आणि मुंबईने 42 वं विजेतेपद मिळवलं. 2025-26 च्या हंगामात मुंबईचं नेतृत्वही त्याच्याकडे आलं. मागे एक घर पक्कं असेल तर माणूस दहा ठिकाणी कामाला जाऊ शकतो. शार्दुलकडे ते घर होतं. डायसला ते नव्हतं. संतोष ट्रॉफीत महाराष्ट्राचा संघ आहे, मुंबई आणि महाराष्ट्र मिळून ती चार वेळा जिंकलेलीही आहे, पण व्यावसायिक फुटबॉलमध्ये राज्याचा संघ खेळाडूचा वर्षभराचा आधार होत नाही. तिथे क्लब हेच घर.

आणखी एक मुलगा पाहा, कोल्हापूरचा अनिकेत जाधव. रिक्षाचालकाचा मुलगा, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला, पुढे विंगवर स्थिरावलेला. ऑक्टोबर 2017 मध्ये भारतात 17 वर्षांखालील विश्वचषक झाला, तेव्हा तो भारतीय संघात होता. अमेरिकेकडून 0-3, कोलंबियाकडून 1-2, घानाकडून 0-4. तिन्ही सामने गेले, पण मराठी घरांतून विश्वचषकाच्या मैदानावर एक नाव पोहोचलं. मग इंडियन अ‍ॅरोज, जमशेदपूर, हैदराबाद, ओडिशा असा त्याचा प्रवास झाला. मार्च 2022 मध्ये गोव्यातल्या फातोर्ड्याला हैदराबादने केरला ब्लास्टर्सला शूटआउटमध्ये हरवून सुपर लीग जिंकली, त्या संघात अनिकेत होता. हाच हैदराबाद संघ पुण्याच्या बंद झालेल्या क्लबच्या जागेवर उभा राहिला होता. पुण्यात तयार झालेला मुलगा, पुण्याचीच जागा, आणि चषक मात्र हैदराबादच्या नावावर. पुढे ओडिशा, म्हणजे डायस जिथे खेळला त्या दिल्ली डायनामोजचंच नवं नाव. महाराष्ट्राच्या विंगरच्या दोन पिढ्या एकाच स्थलांतरित संघाच्या दोन नावांखाली खेळल्या.

टिकणारी जागा

स्टीव्हन डायस बूट उतरवल्यावर प्रशिक्षक झाला. त्याला मोठं काम मिळालं ते जमशेदपूर एफसीत, खालिद जमीलचा सहायक म्हणून. ऑगस्ट 2025 मध्ये खालिद भारतीय संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. महिंद्रा युनायटेडमध्ये एकत्र खेळलेले दोघे, ज्यांच्या शहराने त्यांचे क्लब ठेवले नाहीत, टाटांच्या शहरात जाऊन उभे राहिले. हा योगायोग समजू नये. जमशेदपूरला टाटा फुटबॉल अकादमी 1987 पासून चालू आहे. लीग आल्या, लीग गेल्या, नावं बदलली, पण अकादमीचं फाटक उघडं राहिलं. जमशेदपूर एफसी 2017 मध्ये त्या पायावर उभा राहिला.

इथे तारापूरचा विषय येतो. याच टाटा स्टीलचा तारांचा कारखाना तारापूरला आहे. याच पट्ट्यात 1969 पासून देशातलं पहिलं अणुऊर्जा केंद्र आहे, पोलादाचे, रसायनांचे, औषधांचे, कापडाचे शेकडो कारखाने आहेत. वसईच्या चर्चच्या पटांगणांवर फुटबॉल पिढ्यान्‌पिढ्या खेळला जातो. पालघर, बोईसर, डहाणूच्या शाळांमध्ये, आणि जव्हार-मोखाड्याच्या आश्रमशाळांमध्ये धावणारी मुलं-मुली आहेत. उद्योग आहे, मुलं आहेत, रेल्वे आहे. नाही ती एक गोष्ट. दरवर्षी, कुणी जिंको की हरो, ठरल्या महिन्यात सुरू होणारी आणि संपणारी स्पर्धा, आणि ती चालवणारी टिकाऊ संस्था.

कुणी म्हणेल, व्यावसायिक संघ उभा करणं आपल्या ताकदीबाहेरचं आहे. ते खरं आहे, आणि गेल्या वीस वर्षांचा महाराष्ट्राचा अनुभव सांगतो की तिथून सुरुवात करूही नये. पुण्यात चार कंपन्यांनी वरून सुरुवात केली आणि चारही संघ गेले. खालून सुरू करायला फार लागत नाही. 2013 च्या कंपनी कायद्यात मोठ्या कंपन्यांनी सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करायचे आहेत, आणि त्या कामांच्या यादीत ग्रामीण खेळ, राष्ट्रीय मान्यतेचे खेळ आणि ऑलिंपिक खेळ यांचं प्रशिक्षण स्पष्ट लिहिलेलं आहे. तारापूरच्या काही कारखान्यांनी मिळून 13 आणि 15 वर्षांखालच्या मुलामुलींची लीग पाच वर्षांसाठी हमीने चालवली, महासंघाचा डी परवाना असलेले स्थानिक प्रशिक्षक तयार केले, एका मैदानाची गवत-पाण्याची जबाबदारी घेतली, तर एका हंगामाच्या व्यावसायिक संघापेक्षा खर्च कितीतरी कमी येईल. आणि मालक बदलला तरी संस्था राहील, अशी घटना पहिल्याच दिवशी करायला हवी. एका घराण्याच्या किंवा एका कंपनीच्या मनावर अवलंबून असलेला क्लब किती काळ टिकतो, हे महिंद्राने आणि पुण्याच्या क्लबांनी दाखवून दिलं आहे.

डायसला आपण सहा क्लबांचा खेळाडू म्हणून लक्षात ठेवू नये. त्याने सहा वेळा नव्या संघात, नव्या प्रशिक्षकापुढे, नव्या स्ट्रायकरच्या धावण्याची सवय लावून घेत, तोच नेमका क्रॉस टाकला. भारतासाठी खेळला, आणि खेळ संपल्यावर पुढच्या पिढीला शिकवायला उभा राहिला. खेळाडूने आपलं काम चोख केलं. राहिलं आहे ते आपलं काम, आणि ते पालघर जिल्ह्यातूनही सुरू होऊ शकतं. उद्या बोईसरची एखादी मुलगी उजव्या रेषेवरून धावत सुटेल, तिला दहा क्लबांकडून खेळावंसं वाटलं तर खुशाल खेळू दे. पण ते क्लब तिने निवडलेले असावेत, आणि जिथून ती निघाली ती संस्था तिच्या मुलांच्या वेळीही चालू असावी.